पाणी ओत आणि चल!

आमच्याकडे नातेपुत्याला गाडी हीट मारायला लागली की उपाय एकच. पाणी ओत आणि चल. हा सल्ला द्यायला मेकॅनिक लागत नाही. टपरीवरचा चहावाला देतो, उसाच्या ट्रॅक्टरवाला देतो, आणि आमच्या घरात तर आत्यापासून धाकट्या काकांपर्यंत सगळेच देतात. या सल्ल्याशी आज मला भांडायचं आहे. नातेवाईक मंडळींनी रागावू नये, निम्मा गुन्हा माझाच आहे.

तर झालं असं की गेल्या चैत्रात आम्ही शिखर शिंगणापूरला निघालो होतो. शंभू महादेव आमचं कुलदैवत. गाडीत पाच माणसं, एसी चालू, बाहेर रणरणतं ऊन. घाट चढताना काटा लाल रेषेला टेकला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. गाडी कडेला घेतली. मी डिकीतून पाण्याचा कॅन काढेपर्यंत अण्णांनी (माझे थोरले काका, वय सत्तरीच्या पुढे, उमेदीची सगळी वर्षं जीप चालवण्यात गेलेली) रेडिएटरच्या झाकणावर फडकं टाकून झाकण पिळलंसुद्धा.

पुढचं फार लिहवत नाही. मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला. दर्शन राहिलं, मागून आलेल्या एका जीपवाल्याने आम्हाला दवाखान्यात पोचवलं. दीड महिना ड्रेसिंग चाललं. अण्णा मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

कुकरची वाफ गेल्याशिवाय झाकण काढायचं नाही हे आपल्या घरातल्या पोराला कळतं. रेडिएटर म्हणजे दुसरं काय? त्याच्या झाकणातली स्प्रिंग आत साधारण एक बारचा जादा दाब धरून ठेवते, जवळपास कुकरइतकाच. त्यामुळे आतलं पाणी शंभरला न उकळता 120 अंशांच्या आसपास उकळतं. झाकण उघडलं की दाब जातो आणि 110 अंशांचं पाणी त्याच क्षणी वाफ होऊन अंगावर येतं. फडक्याने काय थांबणार? गाडी बंद करून किमान अर्धा तास थांबायचं, वरचा होज पाईप हाताला गार लागला तरच झाकणाला हात लावायचा. आणि गरम इंजिनात गार पाणी तर ओतायचंच नाही, हेडला तडा जाऊ शकतो.

आता माझा गुन्हा.

त्याआधी दोन वर्षं गाडी अशीच तापत होती. एका गॅरेजमध्ये नेली. मिस्त्री म्हणाला, "साहेब, ही थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह थंड देशासाठी असती. आपल्याकडं काय काम तिचं? काढून टाकतो." मी मान डोलावली. वर खूशही झालो, कारण काटा खाली आला. चार लोकांना तोच सल्ला फुकट वाटला.

घाटातल्या प्रकारानंतर इंजिन उघडलं तेव्हा खरं कळलं. हेड गॅस्केट उडालेली, हेड वाकलेलं, आणि रेडिएटरच्या नळ्यांत पांढरा थर. तोच थर, जो आमच्या बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर बसतो. वर्षानुवर्षं आम्ही तेच पाणी ओतत होतो! नळ्या आधीच तुंबत चालल्या होत्या. व्हॉल्व्ह काढल्याने पाणी थोडं जास्त फिरायला लागलं, एवढंच. आजार तसाच राहिला, फक्त ताप दिसेनासा झाला. पाच माणसं आणि घाट एकत्र आले तेव्हा तो दिसला.

"थंड देशासाठी" हे वाक्य ऐकलं की आता माझंच डोकं हीट मारतं. अहो, बाहेर बेचाळीस अंश असले तरी इंजिनाला नव्वदच्या आसपास चालायचं असतं. थर्मोस्टॅट गार इंजिनात बंद राहतो म्हणून ते लवकर तापतं. साधारण 82 ते 88 अंशांना तो उघडायला लागतो, आणि मग पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी. तो काढला तर इंजिन गरम व्हायला उशीर लागतो, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमधला ओलावा उडत नाही आणि गाळ साठतो. काही इंजिनांत तर तो नसला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच परत फिरतं, म्हणजे गाडी उलट जास्त तापते. बिघडला असेल तर नवा टाका ना! बल्ब गेला म्हणून आपण होल्डर उपटून टाकतो का?

"आम्ही ॲम्बॅसडर पाण्यावरच चालवली" हा अण्णांचा आवडता मुद्दा. चालवली, खरं आहे. तिचं हेड ओतीव लोखंडाचं होतं. आजच्या गाड्यांचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. ते तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट पसरतं, म्हणून वाकायलाही वेळ लागत नाही. कूलंट म्हणजे रंगीत पाणी नव्हे. ते गंज धरू देत नाही आणि उकळण्याचा बिंदू वर नेतं. दोन-तीनशे रुपये लिटर हे महाग वाटत असेल तर हेडच्या कामाचं बिल मी दाखवतो. त्यात अण्णांच्या ड्रेसिंगचा खर्च धरलेला नाही.

मुळात राग पाण्यावर नाही, "का" हा प्रश्न न विचारण्यावर आहे. गाडी कधी तापते एवढं बघितलं तरी निम्मं निदान होतं. उसाच्या ट्रॉलीमागे रांगताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर ठीक होते? मग फॅन, त्याचा फ्यूज, रिले तपासा. उलट घाटात आणि वेगात तापते? रेडिएटर तुंबलाय किंवा वॉटर पंप गेलाय. जाळीत पाचट, धूळ आणि किडे अडकलेत का तेही बघा. वरचा होज चटका देतोय आणि खालचा गार? थर्मोस्टॅट अडकलाय, नाहीतर रेडिएटर बंद आहे. पाणी कमी होतंय पण गळती कुठेच नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, ऑइल दुधाळ चहासारखं दिसतंय? गाडी जागेवर उभी करा, गॅस्केट गेली आहे. काटा वर चढताना दिसला तर एसी बंद, हीटर फुल, काचा खाली. उकाड्याने माणसं शिव्या देतील, देऊ द्या. आणि जागा मिळताच थांबा.

आषाढात माउलींची पालखी बरडहून नातेपुत्याला येते तेव्हा मागे गाड्यांची रांग तासन् तास मुंगीच्या पावलाने सरकते. दरवर्षी त्या रांगेत कोणीतरी बॉनेट उघडून उभा असतो, आणि भोवती पाच जण सांगत असतात, "पाणी वत की गड्या!" माणसं चांगली असतात, स्वतःच्या प्यायच्या बाटल्या पुढे करतात. सल्ला तेवढा वाईट असतो.

यंदा चैत्रात अण्णांना घेऊन पुन्हा शिंगणापूरला गेलो. नवा रेडिएटर, नवा थर्मोस्टॅट, कूलंट भरलेलं. घाट चढून वर पोचलो तरी काटा मध्यावरून हलला नाही. अण्णांनी त्याच्याकडे बघितलं, मग बाही खाली ओढून हातावरचे डाग झाकले आणि म्हणाले, "त्या मिस्त्रीनं काढलेला व्हॉल्व्ह कुठाय रं?"

असो. तो भंगारात गेला. सल्ला मात्र अजून रस्त्यावर फिरतोय. कोणी दिलाच, तर माझं नाव सांगा.

ता. क. : कॅनमध्ये बोअरचं पाणी ठेवू नका, बॅटरीचं पाणी ठेवा. आणि जुनं कूलंट गटारीत ओतू नका. चवीला गोड पण विषारी असतं, कुत्री चाटतात आणि मरतात.