रिव्हिएराची सनावळी
१२/ ‘मुंबईत जोडलेली अस्सल ब्युइक रिव्हिएरा’ विकावयास काढणाऱ्यास प्रथम सनावळी विचारावी. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ साली सुरू झाला आणि १९५४ साली बंद पडला. रिव्हिएरा अवतरली ती १९६३ च्या मॉडेल-वर्षात! अर्थात ती येथे आली ती तयार गाडी म्हणूनच. तिचे मोल आयातीच्या कागदपत्रांवरून ठरावे. घराण्याच्या आख्यायिकेला बाजारभाव नसतो.

मालगुंडसारख्या किनाऱ्यावर खारा वारा चासी पोखरतो, वर क्रोम मात्र झळकत राहते. २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी ५० वर्षांवरील, मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीलाच मिळते. मग डिझेल इंजिन बसवलेल्या गंजक्या सांगाड्यास ‘वारसा’ म्हणून दाम मोजणे म्हणजे थापेला दिलेली देणगीच होय.