शस्त्रापूर्वीं शोध

उपवासाच्या दिवशीं भोंवळ येणें ही आपल्या घरांतून इतकी परिचयाची गोष्ट आहे कीं, तिच्याकडे कोणी फारसें लक्ष देत नाहीं. परंतु एखादी व्यक्ति वारंवार पहांटे असंबद्ध बोलूं लागली, घरच्यांस ओळखीनाशी झाली आणि साखरेचें पाणी पोटांत जातांच शुद्धीवर आली, तर तो पित्ताचा किंवा अंगांत येण्याचा प्रकार समजूं नये. येथें बिबवेवाडींत आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत सुनेस दोन वर्षें अपस्माराचें औषध चालू होतें. पुढें स्वादुपिंडांत इन्सुलिन स्रवणारी गांठ असावी असा संशय आला, तेव्हां मंडळींचा एकच आग्रह : गांठ आहे ना, मग कापून टाका!

पण कापावयाची कोठें? ही गांठ बहुधा २ सेंटिमीटरांहून लहान, हरभऱ्याएवढी किंवा फार तर बोराएवढी. शेंकडा ९० गांठी कर्करोगाच्या नसतात. स्वादुपिंड मात्र जठराच्या मागें दडलेलें. टोरोंटो येथें १९२९ सालीं रॉस्को ग्रॅहॅम यांनीं अशी गांठ काढून रोगी बरा केला; तथापि पुढें कित्येक वर्षें गांठ हातास न लागल्यास शस्त्रवैद्य अंदाजानें स्वादुपिंडाचें शेपूट कापीत. गांठ डोक्याकडे असली तर रोग कायम, आणि वर मधुमेहाची भीति.

म्हणून प्रथम रक्ताची साक्ष हवी. रुग्णालयांत देखरेखीखालीं ७२ तासांपर्यंत उपवास करवितात. १०० मिलिलिटर रक्तांतील साखर ५५ मिलिग्रॅमच्या खालीं उतरूनही इन्सुलिन व सी-पेप्टाइड चढेच राहतात काय, हें पाहतात. (हा उपवास घरीं करूं नये, त्यांत पुण्य तर नाहींच.)

साक्ष पटल्यावर चित्रें. गांठींत रक्तवाहिन्या विपुल असल्यामुळें सी. टी. स्कॅनच्या वेळीं औषध टोंचतांच ती क्षणभर उजळते. एम. आर. आय.चाही उपयोग होतो. घशांतून उतरविलेल्या दुर्बिणीच्या टोकाची सोनोग्राफी तर जठराच्या भिंतीआडून, अगदीं शेजारून पाहते. इतकें करूनही न सांपडल्यास पेट स्कॅन, आणि त्याची कथा मौजेची आहे. अमेरिकेंतील गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषांत जॉन एंग यांस एक्सेंडिन-४ हें द्रव्य सांपडलें. १९९२ सालीं तें प्रसिद्ध झालें. त्याचें कृत्रिम रूप या गांठीच्या पेशींस नेमकें जाऊन चिकटतें. त्यास किरणोत्सारी गॅलियम-६८ जोडलें कीं गांठ चित्रांत चमकते. गॅलियमचें तेज ६८ मिनिटांत निम्में होत असल्यामुळें हें द्रव्य साठवून ठेवतां येत नाहीं; सबब ही चांचणी मोजक्याच ठिकाणीं होते. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांतील अंतःस्रावतज्ज्ञांनीं तिच्याविषयींच्या जगभरच्या अनुभवाचा आढावा प्रसिद्ध केला आहे.

आमच्या त्या कुटुंबास आणखी एका चांचणीचा हेलपाटा व खर्च जड वाटतो, आणि तें साहजिक आहे. परंतु जागा निश्चित असली व गांठ मुख्य नलिकेस खेटून नसली, तर बहुधा तेवढी गांठच खुडून काढतां येते आणि बाकीचें स्वादुपिंड शाबूत राहतें.