लाईट आली, घार गेली

गेल्या श्रावणातल्या एका रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला आणि लाईट गेली. सगळे गॅलरीत आले. डीपीखाली एक घार पडली होती, एक पंख जळलेला. लाईनमन आला, फ्यूज बांधला, घारीला काठीने बाजूला सारले आणि "आ तो रोजनुं छे, साहेब" म्हणून गेला. बिचाऱ्याची चूक काहीच नव्हती. आम्ही सर्वांनी, मीसुद्धा, त्याला एकच प्रश्न विचारला होता : लाईट केव्हा येणार?

मी बँकेतला साधा कारकून. संध्याकाळी कॅशमध्ये दहा रुपयांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत आम्ही उठत नाही. वीज किती मिनिटे बंद होती हे कुठेतरी लिहिले गेले असेल. पण घारीची नोंद कुणी केली?

तारेवर रांगेने बसलेल्या कबुतरांना काही होत नाही, कारण दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. पंख दुसऱ्या तारेला किंवा खांबाच्या लोखंडी आडव्या पट्टीला टेकला, की मात्र विजेला शरीरातून वाट मिळते. घारीचे उघडे पंख साडेचार-पाच फुटांचे, सारसाचे सात-आठ फुटांचे. डीपीवर तर उघड्या तारा अगदी जवळजवळ असतात. म्हणून मोठे पक्षी अधिक मरतात, आणि त्यांची पिल्ले आधीच थोडी.

आपल्या शेजारच्या खेडा जिल्ह्यात भातशेतीवर वरून वीजवाहिन्या आणि खाली सारस, अशी स्थिती आहे. तिकडे गोंदियाचीही हीच कथा. तेथील घटत्या सारसांची मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्वतःहून दखल घेतली, आणि त्यात विजेच्या तारांचा प्रश्न पुढे आला. माळढोकाचे दुखणे थोडे वेगळे. जड शरीर, समोरचे कमी दिसते, त्यामुळे तो उडता उडता तारेवर आदळतो. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक आपल्या पिढीने पुस्तकात वाचला, कच्छमध्ये तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये राजस्थान-गुजरातमधील त्याच्या क्षेत्रात तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला. मार्च 2024 मध्ये तो सरसकट आदेश बदलून तज्ज्ञ समिती नेमली. सौर ऊर्जेची वीज वाहून न्यायची तर वाहिन्या लागणारच, हे सरकारचे म्हणणे होते. मला ते खोटे वाटत नाही. सगळ्या तारा जमिनीत घाला असे म्हणणाऱ्याने आधी त्याचे बिल कोण भरणार ते सांगावे.

पण डीपीच्या उघड्या तारांना इन्सुलेशनची नळी चढवणे, तळ्याकाठच्या खांबांवर आवरण घातलेली तार वापरणे, लोंबलेल्या तारा ताणून घेणे, याला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. लोंबलेली तार गाय आणि शेतकरीही मारते. म्हणजे "माणसे मरतात तिथे पक्ष्यांचे काय घेऊन बसलात" हे म्हणणेही टिकत नाही.

हे सारे मी आपल्या पत्रकात लिहितो त्याला कारण आहे. गुजरातच्या सरकारी वीज कंपन्यांचा कारभार आपल्या रेसकोर्सवरील विद्युत भवनातून चालतो. जुन्या वीज मंडळात आयुष्य घालवलेले काका-मामा आपल्यातल्या किती घरांत आहेत! डभोईजवळचा वढवाणा तलाव सयाजीराव महाराजांच्या राज्यात 1910 च्या सुमारास सिंचनासाठी झाला, 2021 मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. त्याचा अभिमान आपण गणेशोत्सवाच्या भाषणात सांगतो, हिवाळ्यात पोरांना घेऊन पक्षी पाहायला जातो. तलावाभोवतीच्या किती खांबांवर आवरण आहे, हे मात्र कधी मान वर करून पाहिले नाही.

निवडणुका आल्या की उमेदवार दांडिया बाजारात आपल्या मतांसाठी येतात आणि आपण त्यांच्याकडे हॉल, पार्किंग आणि गटार मागतो. यंदा त्या यादीत वढवाण्याच्या खांबांची ओळ घालावी. आणि मंडळाच्या कार्यालयात एक वही ठेवावी : तारीख, खांबाचा नंबर, कोणता पक्षी. सभासदांनी फोनवर कळवले तरी चालेल, वही मी लिहीन. पहिली नोंद आमच्या कोपऱ्यावरच्या घारीची.