उपचार हवाय? आधी आणखी जाड व्हा!

आमच्या वस्तीतल्या एका सफाई कामगार ताईंचा मधुमेह आटोक्यात येत नाही. बीएमआय 33. "तोंडावर ताबा ठेवा" हे वर्षानुवर्षे ऐकल्यावर आता डॉक्टरांनीच वजन घटवण्याची शस्त्रक्रिया सुचवली. मुलाने विम्याचे हप्ते न चुकता भरलेले. कंपनीचं उत्तर काय? बीएमआय 35 नाही.

म्हणजे दोन आकडे वजन वाढवून या!

हा 35 आला कुठून? विमा नियामक आयआरडीएआयने 2019 साली अट घातली : बीएमआय 40, किंवा हृदयविकार, अनियंत्रित टाइप 2 मधुमेह असे आजार असतील तर 35. त्याखाली कंपनी हात वर करू शकते. पण भारतीय माणसाला कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून इथल्याच तज्ज्ञांनी 2009 मध्ये ही रेषा 37.5 आणि 32.5 वर आणली होती. मग नियामकाने कुणाची शरीरं मोजली?

रेशनच्या गहू-तांदळावर वाढलेल्या पोटाला हावरट म्हणणं सोपं असतं. (आपलीही पोरं म्हणतात, तेव्हा जास्त लागतं.)

मित्रांनो, घरची पॉलिसी काढा, 'एक्सक्लुजन 06' वाचा. दावा नाकारला तर लेखी कारण मागा, विमा लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही. आणि 32.5 ची मागणी नियामकाकडे लेखी पाठवा. ताईंचं पत्र आम्ही लिहून ठेवलंय.