दारचा वाणी आणि दूरचे विमान

आमच्या लहानपणी घरातल्या फडताळात, पंचांगाच्या शेजारी, वाण्याची वही असे. महिनाभर सामान आणायचे, ते त्याने आपल्या वहीत आणि आपण आपल्या वहीत मांडायचे, आणि पगार झाला की हिशेब चुकता करायचा, असा तो व्यवहार. शेजारच्या काकू भवानी पेठेत जाऊन किलोमागे चार आणे स्वस्त साखर आणीत आणि त्याचा डांगोरा साऱ्या वाड्यात पिटीत. आमची आई मात्र कधी ढळली नाही. ती म्हणे, "रात्री नऊला पाहुणे आले तर भवानी पेठ उठून येते का? ज्याचं दार ठोठावता येतं, तो आपला वाणी." दिवाळीच्या तोंडावर त्या वाण्याकडून उटण्याची पुडी आणि नव्या वर्षाचे कॅलेंडर येई. बारा महिन्यांच्या निष्ठेचे ते फळ. त्या पुडीला इंग्रजीत 'लॉयल्टी प्रोग्रॅम' म्हणतात, हे ज्ञान मला पुढे तीस-पस्तीस वर्षांनी झाले.

ते झाले विमानामुळे. हल्ली विमान ही आपल्या मध्यमवर्गाला काही अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. मुलगी अमेरिकेत, जावई सिंगापुरात, पुतण्या बंगळुरात, अशी आपली घरे विखुरली आहेत. तिकीट काढले की कंपनी आपल्या नावे पॉइंट मांडते. पुरेसे साठले की त्यांवर फुकटचे तिकीट मिळते. 'फुकटचे' हा शब्दही जपूनच घ्यायचा, कारण कर आणि इतर आकार बहुधा रोख मोजावे लागतात.

या प्रकाराचा उगम पाहिला तर आमच्या वाण्याचीच आठवण होते. अमेरिकेत 1978 साली कायदा झाला आणि विमानकंपन्यांवरची सरकारी बंधने उठली. कोणीही कुठेही उडावे, भाडे वाटेल ते लावावे. उतारू काय, जिकडे स्वस्त तिकडे धावू लागला. त्याला आपल्या दाराशी बांधून कसे ठेवावे, या विवंचनेतून अमेरिकन एअरलाइन्सने 1 मे 1981 रोजी 'ॲडव्हांटेज' नावाची योजना काढली. वाण्याची वहीच ती, फक्त उटण्याऐवजी मैल. बाकीच्या कंपन्यांनी भराभर तिचा कित्ता गिरवला.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. नागपूरला परीक्षेच्या कामाला आणि दिल्लीला चर्चासत्रांना जायचे म्हणून मी एका कंपनीचा सभासद झालो. आईला घेऊन धाकट्या बहिणीकडे डॅलसला दोनदा गेलो, तेव्हा मुंबईहून जाणाऱ्या एका परदेशी कंपनीचा झालो. तिसऱ्या कंपनीचे कार्ड एका गोड बोलणाऱ्या मुलाने बँकेच्या दारात माझ्या गळ्यात घातले. आमच्या सौ. त्या वेळीच म्हणाल्या होत्या, "अहो, तीन वाण्यांकडे थोडी थोडी उधारी असं कोणी करतं का?" पण मराठीच्या प्राध्यापकाला व्यवहार कळत नाही हा घरातला समज खोडून काढायची मला घाई झाली होती. आठ वर्षे मी तीन ठिकाणचे आकडे वाढताना पाहत होतो आणि मनातल्या मनात धनिक होत होतो.

2023 च्या डिसेंबरात आई न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले. वय अठ्ठ्याहत्तर. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया लवकर करायला हवी. बहिणीला फोन केला. डिसेंबर म्हणजे सगळा परदेशस्थ महाराष्ट्र लग्नकार्यांना घरी येण्याचा महिना. उद्या-परवाच्या तिकिटाचे भाडे ऐकून ती क्षणभर गप्प झाली. मी म्हटले, "तू काळजी करू नकोस. माझे पॉइंट आहेत."

त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून मी तिन्ही खाती उघडली. पहिल्या खात्यावर पुणे-दिल्ली एका खेपेपुरते पॉइंट होते. दुसरीकडे परदेशी तिकिटाच्या निम्मेही भरत नव्हते. तिसरीकडे शून्य. बराच काळ खात्यात हालचाल नाही, म्हणून दोन महिन्यांपूर्वीच सारे रद्द झाले होते. तशी सूचना आली होती म्हणे. आणि एका कंपनीचे पॉइंट दुसरीत घालून बेरीज करता येत नाही, हेही त्याच रात्री उमगले. आठ वर्षांची पुंजी अशी मांडीवर पसरून मी बसलो होतो आणि तिच्यात माझ्या बहिणीला आईजवळ आणण्याचे बळ नव्हते.

बहीण आली. तिसऱ्या दिवशी पहाटे मुंबईला उतरली आणि टॅक्सीने थेट दवाखान्यात. ती आली स्वतःच्या पॉइंटांवर. डॅलसला राहून तिला तेव्हा अठरा वर्षे झाली होती, आणि या काळात तिने एकच खाते जपले होते, अमेरिकन एअरलाइन्सचे. पण आली ती कतारच्या विमानाने, दोहामार्गे. मला हे कोडे सुटेना. आई शुद्धीवर आली, धोका टळला, आणि मग रात्रीच्या जागरणात बहिणीने मला ते उलगडून सांगितले. त्या शिकवणीचे सार वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून इथे देतो.

ती म्हणाली, "दादा, तू आधी कंपनी निवडलीस. आधी विमानतळ बघायचा असतो." मोठ्या कंपनीचे एखादे मुख्य ठाणे असते. आपल्याकडे मनमाडला उतरून गाडी बदलतात, तसे तिथे विमान बदलायचे. डॅलस हे अमेरिकनचे मनमाड, अटलांटा डेल्टाचे. न्यू जर्सीतली आपली मराठी मंडळी ज्या नेवार्कला जातात, ते युनायटेडचे. तिथून निघणारी बहुतेक विमाने त्या-त्या कंपनीची. मग डॅलसला राहणाऱ्याने डेल्टाचे पॉइंट जमवणे म्हणजे कोथरुडात राहून हडपसरच्या वाण्याकडे खाते ठेवणे. अर्थात याला दुसरी बाजू आहे. गावात एकच मोठे दुकान असले की भाव दुकानदार ठरवतो. म्हणून खाते एक ठेवावे, पण भाड्यात फार अंतर दिसले तर डोळे मिटून निष्ठा पाळू नये.

दुसरी गोष्ट भागीदारांची. जगातल्या बऱ्याचशा मोठ्या कंपन्यांनी तीन संघ केले आहेत: 1997 चा स्टार अलायन्स, 1999 चा वनवर्ल्ड आणि 2000 चा स्कायटीम. एका संघातल्या कोणत्याही कंपनीच्या विमानात बसलो, तरी पॉइंट आपल्या आवडीच्या सोबतिणीच्या खात्यात मांडून घेता येतात, आणि खर्चही तिच्या विमानात करता येतात. अमेरिकन आणि कतार दोन्ही वनवर्ल्डमध्ये. कोडे सुटले.

"मग पुण्याच्या माणसानं काय करावं?" मी विचारले. खरा पेच इथेच आहे. आपले लोहगाव हे हवाई दलाचे ठाणे. 2024 साली नवे टर्मिनल सुरू झाले, ऐसपैस आहे, पण कोणत्याही कंपनीचे मनमाड ते नव्हे. बहीण म्हणाली, "कागद घे आणि गेल्या दोन वर्षांत तू खरोखर कुठं गेलास ते लिही. जायची इच्छा होती ते लिहू नकोस." कागदावर नऊ खेपा निघाल्या. सात देशातल्या, सगळ्या लोहगावहून. परदेशच्या दोन, त्याही टॅक्सी करून मुंबईहून.

त्या कागदाने मला जे शिकवले ते असे. ज्याचा प्रवास नागपूर, बंगळूर, दिल्ली एवढाच, त्याने पुण्याहून सर्वांत जास्त फेऱ्या कोणाच्या ते पाहावे. आज ते उत्तर बहुधा इंडिगो असे येते, आणि तिने 2024 मध्ये 'ब्लूचिप' नावाची आपली वही उघडली आहे. ज्याला दिल्ली किंवा मुंबई गाठून पुढे शिकागो, फ्रँकफर्ट, सिंगापूर करायचे, त्याने एअर इंडियाचा विचार करावा, कारण ती 2014 पासून स्टार अलायन्समध्ये आहे आणि युनायटेड, लुफ्तान्सा, सिंगापूर एअरलाइन्स तिच्या सोबतिणी आहेत. आणि जो दोन वर्षांतून एकदा उडतो, त्याने या भानगडीत डोके न घालता स्वस्त आणि सोयीचे तिकीट काढावे. त्याचा फायदा तिकिटाच्या किमतीतच असतो.

आणखी एक. पॉइंट म्हणजे बँकेतली ठेव नव्हे. जेट एअरवेजची विमाने एप्रिल 2019 मध्ये थांबली, तेव्हा ज्यांनी त्या विमानात बसण्यासाठी पॉइंट राखून ठेवले होते त्यांचे ते स्वप्न तिथेच राहिले. विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 रोजी एअर इंडियात विलीन झाली. तिच्या सभासदांचे पॉइंट 'महाराजा क्लब'मध्ये आले, म्हणजे बुडाले नाहीत, पण दुकान बदलले आणि दुकानाचे नियमही. तेव्हा लोणचे मुरवावे तसे पॉइंट मुरवू नयेत. पुरेसे झाले की वापरावे.

आई घरी आल्यावर एका दुपारी तिच्या खाटेशेजारी बसून बहिणीने माझे नवे, एकुलते एक खाते उघडून दिले. त्या अर्जात एक चौकट होती, 'होम एअरपोर्ट'. मी म्हटले, "पुणे." तिने लिहिले. आई उशीवरून ऐकत होती. तिने विचारले, "आणि तुझ्या अर्जात काय लिहिलंयस गं?"

बहीण जरा थांबली. "डॅलस, आई."

"म्हणजे घर तिकडचंच झालं म्हणायचं."

"घर नाही गं, नुसता विमानतळ," बहीण म्हणाली. पण तिचा आवाज काही ठीक नव्हता. मी उगाच चष्मा पुसत बसलो.

थोड्या वेळाने आईनेच तिचा हात हातात घेतला. "बरोबर लिहिलंस. जिथं राहतेस तिथलाच वाणी धरावा. तो धरला होतास म्हणून त्या रात्री दार उघडलं. पुणं लिहून बसली असतीस, तर आली असतीस कशी?"

तो अर्ज भरला त्याला आता बराच काळ लोटला. माझ्या खात्यावर एका खेपेपुरते पॉइंट साठले आहेत. आई काठी घेऊन अंगणापर्यंत जाते, विमानात बसायचे नाव काढत नाही. म्हणून ते पॉइंट यंदा भाचीला दिवाळीसाठी इकडे आणायला खर्च होणार आहेत. कंपनी म्हणते, नातेवाइकाचे तिकीटही काढता येते. आईने आत्तापासून उटण्याची पुडी आणून ठेवली आहे. कोपऱ्यावरच्याच वाण्याकडची.