नरिकुरवर : वारशाचे कौतुक, दाराशी अडवणूक

चेन्नईतील एका चित्रपटगृहात ३० मार्च २०२३ रोजी नरिकुरवर समाजातील एका कुटुंबाला हातात तिकिटे असूनही दारातच अडवण्यात आले. घटनेची चित्रफीत पसरताच सर्वत्र संताप व्यक्त झाला. चित्रपटाला 'यू/ए' प्रमाणपत्र असल्याने लहान मुलांना प्रवेश देता येत नव्हता, असा खुलासा व्यवस्थापनाने केला. पुढे कुटुंबाला आत सोडण्यात आले. मात्र भटक्या समाजांना शहरात नेमके कोणते स्थान आहे, हा प्रश्न कायम राहिला.

या घटनेच्या तीनच महिने आधी, डिसेंबर २०२२ मध्ये, संसदेने या समाजाचा तमिळनाडूच्या अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश करणारे विधेयक मंजूर केले होते. लोकूर समितीने १९६५ मध्ये केलेली शिफारस प्रत्यक्षात येण्यास सत्तावन्न वर्षे लागली.

'नरी' म्हणजे कोल्हा. शिकार हा या समाजाचा परंपरागत व्यवसाय. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आल्यानंतर तो मार्ग बंद होत गेला आणि मण्यांच्या माळा विकणे हेच अनेकांच्या उपजीविकेचे साधन बनले. तमिळ प्रदेशात पिढ्यान् पिढ्या राहूनही हा समाज घरात 'वाग्री बोली' बोलतो. ही बोली द्राविडी नसून गुजराती, मराठीप्रमाणेच भारतीय आर्य कुळातील आहे.

युरोपातील रोमा समाजाशी तुलना होते ती येथेच. सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून गेलेल्या रोमांची भाषाही याच कुळातील आहे. त्यांच्या संगीताला युरोपने दाद दिली. मात्र नाझी राजवटीत त्यांचा वंशसंहार झाला. बर्लिनमध्ये २०१७ साली स्थापन झालेल्या रोमा कला-संस्कृती संस्थेचे महत्त्व यासाठी, की तेथे आपल्या वारशाविषयी रोमा स्वतः बोलतात.

तमिळनाडूतही कौतुकाची वानवा नाही. 'ओळि विळक्कु' (१९६८) या चित्रपटात एम. जी. रामचंद्रन यांनी नरिकुरवर वेशात नृत्य केले आणि प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले. जानेवारी २०२३ मध्ये 'चेन्नई संगमम' महोत्सवाने राज्यातील लोककला शहराच्या मैदानांत आणि उद्यानांत आणल्या. असे उपक्रम स्वागतार्ह आहेत. पण पडद्यावरील वेश ज्यांचा, त्यांनाच चित्रपटगृहाच्या दारात थांबावे लागत असेल, तर ते कौतुक वरवरचे ठरते.

मामल्लपुरम येथील मंदिराच्या अन्नदानातून नरिकुरवर महिलेला परत पाठवल्याचा प्रकार ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडकीस आला, तेव्हा राज्याच्या मंत्र्यांनी तिच्या पंगतीला बसून भोजन केले. त्या कृतीचा संदेश मोलाचा होता. तथापि, मंत्री नसतानाही पंगतीत जागा मिळणे, ही खरी कसोटी आहे.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने लावलेला शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, तरी पारध्यांकडे संशयाने पाहण्याची सवय सुटलेली नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' मराठी वाचकांपर्यंत पोहोचले, कारण भटक्या-विमुक्तांचे जगणे त्यांनी स्वतःच्या शब्दांत मांडले.

वारसा जपायचा तर वाग्री बोलीतील गाणी आणि कथा नोंदवल्या गेल्या पाहिजेत, मुलांना शाळेत घरच्या बोलीचा संकोच वाटता कामा नये आणि महोत्सवांच्या आयोजनात या समाजाचा शब्द असला पाहिजे. सामाजिक सलोखा व्यासपीठावर दिसतो. तो घडतो मात्र शाळेच्या बाकावर, पंगतीत आणि चित्रपटगृहाच्या दारात.