बडवणाऱ्याची शाळा

बायको बडवणाऱ्याला शाळेत घाला, असं आता शहाणी माणसं सांगतात. घाला की. पण दोस्तहो, ही शाळा कुणी काढायला लावली ते आधी ऐका.

१९७१ साली लंडनच्या चिझिकमध्ये मार खाऊन पळालेल्या बायांसाठी घर उघडलं. मग अमेरिकेतही तशी घरं निघाली. बाई पोरं घेऊन आश्रयाला यायची आणि नवरा दुसरीला तुडवायला मोकळा. म्हणून या घरांत राबणाऱ्या बायांच्या सांगण्यावरून १९७७ साली बोस्टनमध्ये काही पुरुषांनी 'इमर्ज' काढली. मारणाऱ्यांसाठी अमेरिकेतली ही पहिली शाळा.

मिनेसोटातलं डुलुथ गाव १९८१च्या सुमारास आणखी पुढं गेलं. पोलीस, कोर्ट, प्रोबेशनवाले आणि बायांचं आश्रयघर, सगळ्यांची मोट बांधली. मारलंस की अटक. कोर्टानं सांगितलं की वर्गात बस. वर्ग चुकवलास की पुन्हा कोर्टापुढं. १९८४ साली तिथं मार खाल्लेल्या बायांचं ऐकून एक चाक काढलं. आऱ्यांवर धाक, पैसा अडवणं, माणसं तोडणं, पोरांचं हत्यार करणं. मधल्या तुंब्यावर दोनच गोष्टी: सत्ता आणि ताबा. राग नाय.

बरोबरच आहे. "पाळी करून थकून येतो, डोकं फिरतं, हात उठतो" ही रड आपल्याला पाठ आहे. मग खात्यात जॉबर सगळ्यांदेखत आईवरून शिवी देतो तेव्हा हा हात कुठं असतो? खिशात! हात माणूस बघून उठतो.

पण शाळेनं पुरुष सुधारले का? अमेरिकी नौदलातल्या ८६१ जोडप्यांवर सॅन दिएगोत प्रयोग झाला, २००० साली छापून आला. काहींना वर्गात बसवलं, काहींना नाही. फरक पडला नाही. इतर ठिकाणी थोडाफार दिसला. जादू कुठंच नाही.

म्हणून शाळा मोडा असं मी म्हणत नाही. तो सुधारेल या भरवशावर तिला त्या घरात ठेवू नका, एवढंच म्हणतो. आधी तिला छप्पर, पैसा, संरक्षण. त्याच्या शाळेचा खर्च तिच्या ताटातून नको.

आपल्या २००५च्या कायद्याचं कलम १४ बघा. मॅजिस्ट्रेट समुपदेशनाला दोघांना वेगळं पाठवू शकतो, एकत्रही. त्याच्या मांडीला मांडी लावून ती काय खरं बोलणार? रात्री त्याच घरात जायचंय तिला!

आणि आपण? वस्तीत तंटा आला की "जाऊ दे वहिनी, चळवळीतला माणूस आहे" म्हणून तिलाच परत धाडतो. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायांना सांगितलं होतं, नवऱ्यापुढं ताठ उभ्या राहा, बरोबरीनं वागा, गुलामी नाकारा. ती उभी राहते तेव्हा तिला खाली बसवणारे आपण कोण?

आधी तिला विचारा, आज रात्री झोपणार कुठं? त्याची सोय करा. त्याला शाळेत मागाहून घालू.